रयतेविना गड

दिवाळीच्या सुटीत संध्याकाळी पलूसच्या गल्ल्यांतून फिरले म्हणजे घरोघरच्या अंगणांत आणि मोकळ्या बोळांत किल्ले उभे राहिलेले दिसतात. दगडविटांचा ढीग, त्यावर अंथरलेले ओले गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, उतारांवर उगवलेली हळिवाची किंवा मोहरीची हिरवळ, दवाखान्यातून मागून आणलेल्या सलाईनच्या नळीतून उडणारे कारंजे, असा सगळा थाट असतो. गेल्या दिवाळीत आम्ही असाच एक किल्ला पाहावयास एका स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. त्या किल्ल्यावर तीन पिढ्यांची खेळणी एकत्र नांदत होती. शिखरावर नवे कोरे, फायबरचे सिंहासनाधिष्ठित महाराज. पायऱ्यांवर त्या मुलाच्या वडिलांच्या लहानपणीचे, नाकाचे टवके उडालेले प्लास्टरचे मावळे. अगदी खाली, काचेच्या तुकड्यावर रंगवलेल्या तळ्याच्या काठी, एक हात मोडलेली मातीची गवळण. ती आजोबांच्या वेळची. आणि बालेकिल्ल्यामागच्या सपाटीवर एक खेळण्यातले अवकाशयान उतरलेले होते.

मुलगा पाचवीतला. त्याचा पुण्यात शिकणारा चुलतभाऊ सुटीला आला होता. त्याला ते यान खटकले. तो म्हणाला, "अरं, गडावर यान कसलं ठेवतोस? काढ ते." मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग गवळणपण काढू?" "काढ की. तोफा डागायच्या वेळेला तिचं काय काम?" मुलगा काही बोलला नाही. त्याने यान तसेच ठेवले, गवळण उचलली आणि तिला यानाच्या दाराशी नेऊन उभी केली. "ती ह्यांना दूध विकायला आलीया," असे त्याने आम्हांलाच सांगितले.

त्या दोघा भावांच्या वादात कोणाची बाजू बरोबर, ह्यावर आम्ही दोघे घरी परतताना बोलत राहिलो, आणि त्या बोलण्यातूनच प्रस्तुत लेख झाला आहे. खेळण्यांच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांची तुलना हा मराठीच्या अध्यापकांचा विषय नव्हे, असे कुणी म्हणेल. परंतु आवृत्त्यांची तुलना हे तर आमचे रोजचेच काम आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आम्ही दरवर्षी वर्गात सांगतो. कोणती प्रत जुनी, कोणती मूळाशी अधिक एकनिष्ठ, कोणता पाठ मागाहून शिरला, हे प्रश्न आमच्या परिचयाचे आहेत. तेच प्रश्न दिवाळीच्या मावळ्यांना विचारून पाहण्यास हरकत नसावी.

प्रथम जुनी आवृत्ती घेऊ. मातीचे मावळे, ज्यांना काही घरांत नुसतेच 'चित्रे' म्हणत, ते कुंभाराच्या किंवा मूर्तिकाराच्या घरी दोन अर्ध्या साच्यांतून निघत. दोन्ही अर्धे जोडल्याची शिवण अंगाच्या कडेने स्पष्ट दिसे. चेहऱ्याला गुलाबी रंग, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, आणि मिशी मात्र प्रत्येकाची निराळी. कारण ती हाताने ओढलेली असे आणि संध्याकाळपर्यंत हात थकत असे. ह्या मूर्तींचे एक वैशिष्ट्य आम्हांला फार उशिरा उमगले. मातीत बारीक आणि लांब असा अवयव टिकत नाही. उगारलेली तलवार मातीत घडवली तर ती बाजारात पोहोचेपर्यंत मोडते. म्हणून जुन्या मावळ्याची तलवार त्याच्या अंगाला चिकटलेली, ढाल छातीशी, हात शरीरालगत. मातीला जमतात त्या मुद्रा म्हणजे बसलेल्या माणसाच्या, डोक्यावर घागर घेतलेल्या बाईच्या, कडेवर टोपली धरलेल्या भाजीवालीच्या, जात्यावर वाकलेल्या आजीच्या. जुन्या संचात लढणारे थोडे आणि कामाला लागलेले अधिक होते, ह्याचे एक कारण हेही असावे. वासुदेव होता, गवळण होती, बैलजोडी घेतलेला शेतकरी होता, दुकान मांडून बसलेला वाणी होता, भालदार-चोपदार होते, आणि गुहेत वाघ होता.

मग प्लास्टर आले. रबराच्या साच्यात ओतलेल्या प्लास्टरमध्ये अंगरख्याच्या चुण्या दिसू लागल्या, चेहरे रेखीव झाले. टवका उडाला की आतला पांढरा रंग उघडा पडे, एवढाच त्याचा दोष. अलीकडच्या काळात फायबर म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि प्लास्टिकच्या मूर्ती आल्या. ह्या मूर्तींत तलवार खुशाल उगारता येते. घोडा मागच्या दोन पायांवर उभा राहतो. भाला मावळ्याच्या उंचीपेक्षा लांब असतो आणि तरीही मोडत नाही. ज्या द्रव्याला आवेश पेलतो, त्या द्रव्यातून आवेशच अधिक निघाला, ह्यात नवल नाही. आमच्या इकडच्या बाजारांत गेली काही वर्षे आम्ही जे संच पाहतो, त्यांत महाराज, सरदार, तोफा, घोडेस्वार आणि चाल करून जाणारे मावळे भरपूर दिसतात. गवळण आणि वासुदेव शोधावे लागतात, आणि जात्यावरची आजी तर आम्हांला कित्येक दिवाळ्यांत दिसलेली नाही.

येथे एक गोष्ट आधीच स्पष्ट केली पाहिजे. जुने ते सोने म्हणण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. आम्ही ज्या तालुक्यात राहतो, तेथे तरी द्रव्यावरून नवे नाकारणे शोभणारे नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर आपला कारखाना आणला. त्याचीच पुढे किर्लोस्करवाडी झाली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीस शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमिनीत विष कालवले जाईल अशी समजूत होती, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. तेव्हा फायबरला नावे ठेवणारे आपण त्या शेतकऱ्यांहून फारसे निराळे नसू, हे भान असलेले बरे. शिवाय नव्या मूर्तींचे गुण उघड आहेत. त्यांचे शिरस्त्राण, अंगरखे, शस्त्रे ह्यांमागे पूर्वीपेक्षा अधिक पाहणी असते. आता मुले गडाचे नकाशे पाहून प्रतिकृती करतात, बुरुजांची नावे सांगतात. २०२५ च्या जुलैत 'मराठा लष्करी भूप्रदेश' ह्या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले; त्यांतील अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतील जिंजी. ही नावे पाठ असलेली मुले आम्हांला भेटतात, आणि आमच्या लहानपणी आम्हांला ती येत नव्हती, हे प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

मग नवी आवृत्ती अधिक शुद्ध, अधिक मूळनिष्ठ, असे म्हणून विषय संपवावा काय? आमच्यापैकी एकाचे मत प्रथम तसेच होते. परंतु पाठचिकित्सेत पहिला प्रश्न असतो तो मूळ कोणते हा. नवा मावळा कोणत्या मूळाशी एकनिष्ठ आहे? सतराव्या शतकातील शिपायाशी की पडद्यावर पाहिलेल्या शिपायाशी? त्याच्या चेहऱ्यावरचा त्वेष, वाऱ्यावर उडणारा शेला, छातीचे स्नायू हे दप्तरखान्यातून आलेले नाहीत. ते चित्रपटांच्या आणि मालिकांच्या जाहिरातफलकांवरून आलेले आहेत. अर्थात जुना मावळा तरी कोठून आला होता? तो दिनदर्शिकेवरच्या चित्रातून आला होता. प्रत्यक्ष महाराजांच्या चित्राची कथा तर सर्वश्रुत आहे. एके काळी महाराजांचे म्हणून छापले जाणारे चित्र दुसऱ्याच व्यक्तीचे असल्याचे दाखवून वा. सी. बेंद्रे यांनी समकालीन चित्र उजेडात आणले. म्हणजे दोन्ही आवृत्त्या नकलेच्या नकला आहेत. तेव्हा मूळनिष्ठेच्या एकाच कसोटीवर ह्या वादाचा निकाल लागणार नाही.

येथे त्या किल्ल्यावर उतरलेल्या यानाची थोडी मदत होते. पाश्चात्त्य देशांत खेळण्यांचा संग्रह करणाऱ्यांचे मोठे विश्व आहे, आणि 'स्टार वॉर्स' ह्या १९७७ च्या चित्रपटातील 'मिलेनियम फाल्कन' हे यान त्यांचे विशेष लाडके. केनर ह्या अमेरिकन कंपनीने ते १९७९ साली खेळण्याच्या रूपात आणले. त्याचे प्रमाण चित्रपटाशी जुळणारे नव्हते. त्यात बसवायच्या बाहुल्या यानाच्या मानाने फार मोठ्या होत्या. परंतु त्याचे छत उघडत असे, आत बाहुल्या बसवता येत, चोरटा माल लपवण्याची जमिनीखालची खोबणही होती. २०१७ साली लेगो कंपनीने त्याच यानाचा ७,५४१ तुकड्यांचा संच काढला. तपशिलात तो पडद्यावरच्या यानाच्या कितीतरी जवळ जातो. मात्र तो जोडून झाला की बहुधा काचेच्या कपाटात जातो. पहिल्यात चुका होत्या आणि मूल आत शिरू शकत होते. दुसऱ्यात चूक काढणे अवघड आणि शिरणेही अवघड. रोलाँ बार्थ ह्या फ्रेंच समीक्षकाने १९५७ च्या आपल्या 'मिथॉलॉजीज' ह्या पुस्तकातील खेळण्यांवरील टिपणात जवळजवळ हेच म्हटले आहे: मोठ्यांच्या जगाची हुबेहूब छोटी नक्कल मुलाच्या हाती दिली म्हणजे मूल निर्माता न राहता नुसता वापरणारा होते. बार्थला प्लास्टिकचा राग होता आणि लाकडाचे प्रेम होते. त्यात थोडे स्मरणरंजनही असावे. परंतु त्याचा मूळ मुद्दा द्रव्याचा नाही, मुलाला ठेवलेल्या जागेचा आहे.

तरीही आमच्या मावळ्यांचा प्रश्न फाल्कनपेक्षा अधिक गंभीर आहे. फाल्कनचे मूळ म्हणजे एक काल्पनिक चित्रपट. त्यातून काही गळाले तर संग्राहकाची हळहळ होईल, इतकेच. अंगणातला किल्ला मात्र आमच्या मुलांचे इतिहासाचे पहिले पुस्तक आहे. अक्षरओळखीच्या आधी ते हाती येते आणि शाळेतल्या पुस्तकापेक्षा खोल रुजते. ह्या पुस्तकातून पाने गळत असतील, तर ती कोणती, हे पाहणे अध्यापकांचे कर्तव्यच ठरते. आमच्या मते गळालेले पान रयतेचे आहे.

चुलतभाऊ म्हणाला, तोफा डागायच्या वेळी गवळणीचे काय काम. रायगडावर गेलेल्या कोणालाही ह्याचे उत्तर ठाऊक असते. तेथे हिरकणीचा बुरूज आहे. दूध विकावयास गडावर आलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, घरी तान्हे मूल, आणि रात्री कडा उतरून गेलेली आई. ही दंतकथा आहे हे मान्य. परंतु दंतकथेलाही एक वस्तुस्थिती गृहीत धरावी लागते, आणि ती अशी की गडाला रोज दूध लागत असे आणि ते खालच्या वाडीतून चढून येत असे. रायगडावर बाजारपेठेचे अवशेष आजही दिसतात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे, आणि ते वाचताना जाणवते की गड म्हणजे नुसता तट आणि तोफा नव्हेत. पाणी, धान्य, झाडे, राबता आणि राखण करणारी माणसे मिळून गड होतो. म्हणजे जुन्या संचातली गवळण ही इतिहासातली चूक नव्हतीच. शस्त्रांच्या तपशिलात कच्चा असलेला तो मातीचा संच गडाच्या कल्पनेत मात्र पक्का होता. नवा संच अंगरख्याच्या बंदापर्यंत शुद्ध आहे, आणि त्यात गडाला दूध कोण घालणार, ह्याचे उत्तर नाही.

पलूस तालुक्यात हा मुद्दा अधिकच टोचतो. कुंडल आमच्या शेजारी आहे. १९४३ ते १९४६ ह्या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जे प्रतिसरकार चालले, त्याचे कुंडल हे एक प्रमुख केंद्र, आणि तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड कुंडलचेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ आगगाडी अडवून सरकारी खजिना लुटला, ती घटना सर्वांना रोमांचक वाटते आणि वाटावीच. परंतु प्रतिसरकार टिकले ते एका लुटीवर नव्हे. भूमिगतांसाठी रात्री-अपरात्री भाकऱ्या थापणाऱ्या, निरोप पोहोचवणाऱ्या बायका, आपल्या वस्तीवर माणूस लपवणारे शेतकरी, गावाच्या न्यायनिवाड्याला मान तुकवणारी सामान्य माणसे, ह्यांच्यावर ते टिकले. उद्या कुणी प्रतिसरकारचा खेळण्यांचा संच काढला तर त्यात बंदुका खात्रीने असतील. भाकरी असेल काय, अशी शंका आम्हांला वाटते. ज्या भूमीत रयतेने राज्य चालवून दाखवले, तेथल्या मुलांच्या किल्ल्यावरून रयतच नाहीशी व्हावी, ही गोष्ट आम्ही क्षुल्लक मानू शकत नाही.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप येईल, तो विचारात घेतो. मागणी तसा पुरवठा, असे विक्रेते म्हणतील. मुलेच तोफा मागतात, गवळण कोणी घेत नाही. हे खरेच आहे, आणि त्यात विक्रेत्याचा दोष नाही. आमच्या लहानपणी आम्हीही घोडेस्वारासाठीच रडलो होतो. पण तेव्हा गवळण विकत घ्यावी लागत नसे. ती पेटीतून निघत असे. तिची निवड आधीच्या पिढीने करून ठेवलेली असे. दरवर्षी दोनतीन नव्या मूर्तींची भर पडे आणि जुन्या कागदात गुंडाळून माळ्यावर जात. असा तो संग्रह वाढे. आता पूर्ण संच एकाच वेळी एकाच खोक्यातून येतो, आणि खोके भरणारा माणूस साहजिकच अधिक खपणारे भरतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम भांडारकर संस्थेत १९१९ साली सुरू झाले आणि १९६६ साली पूर्ण झाले. तिच्या संपादकांनी जे श्लोक संहितेतून वगळले, ते फेकले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत जपून ठेवले. आमच्या घरच्या माळ्यावरची पेटी हे तसे परिशिष्ट होते. नव्या खोक्याला परिशिष्ट नसते.

त्या पेटीविषयी एक वैयक्तिक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्हां दोघांपैकी एकाचे घर नदीकाठच्या गावी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला आणि आमच्या तालुक्यातील काठावरची गावे पाण्यात गेली. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे दगावली. अशा वेळी खेळण्यांचे दुःख करणे लाजिरवाणे वाटते, आणि तेव्हा ते कोणी केलेही नाही. पाणी ओसरल्यावर घर धुताना पत्र्याची पेटी सापडली. कच्च्या मातीची सगळी चित्रे विरघळून तळाशी गुलाबी-हिरवट चिखल झाला होता. त्यात दोनच वस्तू शाबूत होत्या: भाजलेल्या मातीचा एक वासुदेव आणि प्लास्टिकचा एक तोफगाडा. तेव्हा टिकाऊपणाच्या बाबतीत प्लास्टिकची बाजू आम्हांला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. तो चिखल आईने फेकला नाही. त्या वर्षीच्या दिवाळीत घरी किल्ला करण्याच्या मनःस्थितीत मोठे कोणीच नव्हते. मुलांनी मात्र हात-दीड हात उंचीचा एक केला आणि तो रंगीत चिखल त्याच्या पायथ्याला लावला. त्यातून त्यांनी बोटांनी चारसहा माणसे वळली. त्यांना नाकडोळे नव्हते. ती कोण आहेत असे विचारले, तेव्हा उत्तर मिळाले, "पुरातनं वर आल्याली माणसं."

ही माणसे कोणत्याही खोक्यातून येणार नव्हती, हे उघड आहे.

सांगलीजवळच्या हरिपूरला जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांनी शूद्रकाचे 'मृच्छकटिक' मराठी रंगभूमीवर आणले, ह्याचा आमच्या जिल्ह्याला अभिमान आहे. त्या नाटकाचे नाव ज्या प्रसंगावरून पडले, तो प्रसंग खेळण्याच्या दोन आवृत्त्यांचाच आहे. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आलेला असतो आणि आता त्याला आपली मातीची गाडी नको असते. वसंतसेना त्याला नवी गाडी देत नाही. ती आपले दागिने काढून त्याची मातीचीच गाडी भरते आणि ह्याची सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढे तेच दागिने न्यायालयात चारुदत्ताच्या विरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात. वर्गात हा प्रसंग शिकवताना आम्ही नेहमी वसंतसेनेच्या वात्सल्यावर बोलतो. आता आम्हांला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मातीच्या गाडीत काहीतरी भरता येत होते. नाटककाराने नाव दिले ते तिचे, सोन्याच्या गाडीचे नव्हे.

आमचे म्हणणे एवढेच आहे. फायबरचे महाराज शिखरावर शोभतात, त्यांना तेथे राहू द्यावे. परंतु गावोगावी किल्ल्यांच्या स्पर्धा होतात आणि आम्हां अध्यापकांना परीक्षक म्हणून बोलावणे येते. बुरुजांच्या अचूकतेला गुण देताना गडाच्या पायथ्यालाही काही गुण राखून ठेवावेत, असे आम्ही सुचवू इच्छितो. ह्या गडाला पाणी कोठून येते, धान्य कोण पिकवते, दूध कोण चढवते, असे तीन प्रश्न मुलांना विचारावेत. उत्तरादाखल लागणारी माणसे बाजारात मिळाली नाहीत तर मुले ती चिखलातून वळतील; चिखल त्यांच्या हाताशी असतोच. ती माणसे ओबडधोबड होतील, पण ती गडाची होतील.

त्या स्नेह्यांच्या घरचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत तसाच होता. शेवटी आम्ही पाहिले, तेव्हा यान कोणीतरी उचलून नेले होते. गवळण मात्र बालेकिल्ल्यामागे त्याच जागी उभी होती, आणि तिच्या मोडक्या हाताला ओल्या मातीचा नवा हात लावलेला होता. तो प्रमाणाबाहेर मोठा झाला होता.